तबला की नोकरी: माझ्या डायरीतले दोन रकाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय २७. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं चार महिने झाले, हातात ७४,००० येतात. आठव्या वर्षापासून तबला, विशारद झालंय, आठवड्यातून एकदा गुरूंकडे जाणं चालू आहे. शनिवार-रविवार साथीला बसतो, त्यातून महिन्याला बारा-पंधरा हजार सुटतात. सहा लाख शिल्लक. वडील सांगलीला, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. लग्नाचं बोलणं चाललंय. आणि विचारतोय, ‘सर, नोकरी सोडून पूर्णवेळ तबला करू का? मनाचं ऐकू की व्यवहाराचं?’ खाली शेपूट जोडलंय: ‘काळी चारचा तबला आत्ता घेऊन ठेवू का?’

(काळी चार म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर.) शेपटाचं उत्तर शेवटी देतो. आधी मी कोण ते सांगतो. मी १५ वर्षं एका सहकारी बँकेत होतो, त्यातली निम्मी कॅश काउंटरला. २००४ साली, ३७व्या वर्षी राजीनामा दिला आणि तेव्हापासून घर तबल्यावर चाललंय. तू जे करू म्हणतोयस ते मी करून बसलोय. राजीनामा दिला ते बरोबरच केलं. त्यानंतरची तीन वर्षं मात्र चुकीची गेली, आणि ती का चुकली ते कळायला मला माझीच डायरी उघडावी लागली. तेव्हा जरा लांबण लागेल.

(‘पॅशन’ हा शब्द मी राजीनामा दिला तेव्हा आमच्याकडे फक्त हिरो होंडाच्या गाडीला वापरायचे. बँकेतल्या सहकाऱ्यांनी निरोप समारंभात माझ्याविषयी जो शब्द वापरला तो ‘खूळ’ होता. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.)

१९९५ पासून मी रोजनिशी ठेवतो. बँकेची सवय, दुसरं काही नाही. त्यात दोन रकाने आहेत: डावीकडे रियाज किती झाला, उजवीकडे कार्यक्रम आणि बिदागी. राजीनामा दिल्यावर तिसऱ्या वर्षी, दिवाळी संपल्यानंतरच्या एका रिकाम्या दुपारी, मी सहज बेरजा मारल्या. बँकेतल्या शेवटच्या पूर्ण वर्षात पहाटे पाच ते साडेसहा रियाज झालेले दिवस होते ३०४. कार्यक्रम ३८. राजीनाम्यानंतरच्या वर्षात कार्यक्रम १४१ आणि रियाजाचे दिवस ९२. ब्याण्णव! ज्या तबल्यासाठी नोकरी सोडली तो तबला नोकरीत असताना तिपटीपेक्षा जास्त होत होता.

हे आकडे दिसायच्या आधी ते गुरुजींना ऐकू आले होते. त्याच सुमारास एकदा त्यांच्याकडे गेलो, म्हणाले, जरा पेशकार मांड (सोलोची सुरुवात त्याने होते). पाचेक मिनिटं वाजवलं असेल. त्यांनी हाताने थांबवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “हल्ली तू तबला वाजवत नाहीस, वाजवून येतोस.” मी घरी येईपर्यंत त्यांच्यावर चिडलेला होतो. १४१ कार्यक्रम करणाऱ्या माणसाला हे काय बोलणं झालं? पण खरं होतं. हात सफाईने चालत होता, लग्गी-लडी (गाण्यात मधे घालायचे जलद बोल) टाळ्या घेत होती, आणि दोन वर्षांत एक नवा कायदा, म्हणजे विस्तार करायची बोलांची रचना, हातात चढलेला नव्हता. ठेका भरायचा, गायकाला सांभाळायचं, पाकीट घ्यायचं, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये झोपायचं.

मग प्रश्न पडतो की असं का व्हावं. मी यावर बराच विचार केलाय आणि माझं उत्तर असं आहे: बँकेत असताना मला ‘नाही’ म्हणता येत होतं. कोणी चार गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला बोलावलं, तालमी नाहीत, गायक कोण ते माहीत नाही, तर मी सरळ सांगायचो, जमणार नाही, सोमवारी बँक आहे. एक तारखेचा पगार माझ्या वतीने नकार द्यायचा. राजीनाम्यानंतर हा नकार देणारा माणूसच घरातून गेला. फोन आला की ‘हो’. शिवाय आज नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्याला फोन जाईल, ही धास्ती. ती खोटी नसते बरं का. आमच्या धंद्यात यादीतून नाव एकदा गळलं की परत चढायला दोन हंगाम जातात.

म्हणून तुझा प्रश्न मला चुकीच्या ठिकाणी कापलेला वाटतो. एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला नोकरी, असं ते नाही. तुझ्याकडे तीन गोष्टी आहेत: रियाज, तबल्यातून पैसे आणणारं काम, आणि नोकरी. यातल्या पहिल्या दोन एकच आहेत असं धरून तू हिशोब करतोयस. त्यांचं आपसांत पटतंच असं नाही. पुष्कळदा नोकरी आणि रियाज यांचं जास्त चांगलं जमतं.

‘पण मोठे कलाकार तर…’ हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आलंय म्हणून थोडं विषयांतर. अहमदजान थिरकवाँ घे. तबल्यात त्यांच्या वर नाव घ्यायचं म्हणजे विचार करावा लागतो. खाँसाहेब आधी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत नोकरीला होते, मग रामपूर दरबारात, पुढे लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवायला. उस्ताद अल्लारखाँ मुंबई रेडिओवर होते आणि ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत देत होते. झाकीरभाईंचं उदाहरण सगळे देतात, पण त्यांच्या घरात खुद्द अब्बाजी, म्हणजे वडील अल्लारखाँ, होते हे सोयीस्कर विसरतात. आपल्याकडचं सांगायचं तर अभिषेकीबुवा मुंबई आकाशवाणीत होते. अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर, गिरणीत नोकरी करत करत गायले. आणि वसंतराव देशपांडे! मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत आयुष्याची ऐन वर्षं गेली. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्या फायलींनी त्यांच्या गाण्याची धार बोथट केली, असं त्यांचं रेकॉर्डिंग ऐकून कोणी म्हणेल का? ती नोकरी नसती तर आपल्याला आणखी दहा वर्षांचं गाणं मिळालं असतं, हेही तितकंच खरं असेल. दोन्ही बाजूंनी ओढता येईल असं ते उदाहरण आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की पगार घेणं म्हणजे कलेशी बेइमानी, हा विचार आपल्या परंपरेतला नाही. दरबार हीसुद्धा नोकरीच होती, फक्त सलाम वेगळ्या तऱ्हेने करावा लागायचा.

आता पैशाचं. इथे मी बँकवाला होणार आहे.

तुला साथीचे महिन्याला बारा-पंधरा हजार मिळतात, आणि तू मनातल्या मनात म्हणतोस की दोन दिवसांत एवढे, तर तीस दिवसांत किती. असं होत नाही. कार्यक्रम शनिवार-रविवारीच असतात. मंगळवारी संध्याकाळी कोणी भावगीतं ऐकत नाही. शनिवार-रविवार तू आताच विकलेले आहेस. नोकरी सोडून तुला मिळणार ते सोमवार ते शुक्रवार, आणि त्या दिवसांना साथीच्या बाजारात फारसा भाव नाही.

एका कार्यक्रमाचा खरा हिशोब मांडून दाखवतो. पुण्याहून साताऱ्याला नाट्यगीतांचा कार्यक्रम. दुपारी एकला निघायचं, चारला साउंड चेक, साडेसहाला म्हणून सांगितलेला कार्यक्रम सातला सुरू, दहाला भैरवी, मग सत्कार, मग जेवण, घरी यायला दीड. साडेबारा तास. दुसऱ्या दिवशी पहाटेचा रियाज होत नाही, तो धरायचा नाही असं ठरवलं तरी तो खर्चच. पाकिटात पाच हजार. मोठा आयोजक असेल तर दहा टक्के टीडीएस कापून. तो रिटर्न भरल्यावर परत मिळवता येतो, पण आपले निम्मे वादक रिटर्नच भरत नाहीत आणि तेवढे पैसे सोडून देतात. तू तरी असं करू नकोस.

त्या पाच हजारांतून तबलाही खातो. बाहेरच्या लोकांना वाटतं तबलजीला एक जोडी लागते. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण घरच्यांना दाखवायच्या हिशोबात हे धरलेलं नसतं. पुरुष गायक काळी एकला, काळी दोनला. बाई काळी चारला, पाचला. मधले पांढरीवाले वेगळेच. कथकला अजून निराळं. माझ्याकडे आज सात तबले आणि तीन डग्गे आहेत, आणि तरी कधीतरी अडतं. पुडी (वरचं कातडं) बदलायची तर हजार-बाराशे, तिच्यावरची काळी शाई सुटू लागली की वाजवणं संपलं, वाद्या (पुडी ताणणारे चामडी पट्टे) झिजतात, डग्ग्याला पोचा आला की आवाज बसतो.

आणि हे सगळं वेळ बघून येत नाही. राजीनाम्याच्या दुसऱ्या वर्षी गणपतीत एका गावी गेलो होतो. गायक काळी एकचे म्हणून तोच तबला घेतलेला. तिथे गेल्यावर कळलं की गायकांचा घसा बसलाय आणि बाई गाणार. सूर पांढरी तीन. तेवढा वर ओढायचा नसतो हे मला कळत होतं. पण मंडप भरलेला, अध्यक्ष घड्याळ बघतायत. वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली ठोकत गेलो, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडी मारत गेलो, सूर जवळपास आला, आणि गजऱ्यावर शेवटची हातोडी पडली तशी चाट (पुडीचा कडेचा पट्टा) कागदासारखी फाटली. तो आवाज अजून कानात आहे. मंडळाच्या आरतीची एक जुनी जोडी स्टोअरमध्ये होती, चुंबळसुद्धा नव्हती, गमछा गुंडाळून त्याच्यावर ठेवली आणि तीन तास रेटले. आयोजकांनी पाकीट अर्धं दिलं. उरलेलं ‘पुढच्या वर्षी बघू’. त्या मंडळाने पुन्हा बोलावलं नाही, त्यामुळे ते पुढचं वर्षही उगवलं नाही. तेव्हापासून दोन नियम आहेत: एका सुराचे दोन तबले असल्याशिवाय त्या सुराचं काम घ्यायचं नाही, आणि निम्मे पैसे आधी खात्यात आल्याशिवाय तारीख लिहायची नाही. दुसरा नियम पाळायला मला दहा वर्षं लागली. कलावंताने पैसे आधी मागायचे म्हणजे कसंसंच होतं ना! आयोजकांना हे बरोबर माहीत असतं.

वर्षाचा हंगाम कागदावर काढ. आषाढीच्या आगेमागे अभंगांचे कार्यक्रम, गुरुपौर्णिमा, श्रावणात थोडं भजन, मग गणपती. त्यानंतर पितृपक्षाचा पंधरवडा कोरडा. नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, मग डिसेंबर-जानेवारीचे महोत्सव, पुढे पाडवा पहाट आणि रामनवमी. मेमध्ये कार्यक्रम बसतात आणि क्लासही सुट्टीवर जातात, म्हणजे दोन्ही नळ एकदम बंद. आचारसंहिता लागली की राजकीय पाठिंब्यावरचे कार्यक्रम रातोरात उडतात. लोक प्रयोग म्हणून बिनपगारी रजा काढतात ती नेमकी ऑक्टोबरात. महिनाभर फोन वाजत राहतो, पाकिटं येतात, आणि जानेवारीत राजीनामा जातो. तुला प्रयोग करायचाच तर मे ते जूनच्या मध्यापर्यंत कर. त्या सहा आठवड्यांत घरी बसून काय होतं, रियाज होतो की मोबाइल होतो, ते बघ. मला विचारशील तर या एका प्रयोगातून तुला जे कळेल ते माझ्या सगळ्या पत्रातून कळणार नाही.

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पगारदाराला ते ठीक आहे. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. माझे त्या दिवशी पहाटे एक आणि संध्याकाळी एक असे दोन कार्यक्रम होते, आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं उघडली, पुन्हा मिटली, आणि महाराष्ट्रात ती नीट उघडायला २२ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. मोज: १९ महिने. माझ्या ओळखीतल्या एका उत्तम ढोलकीवाल्याने त्या काळात भाजीची गाडी लावली, आणि ती बरी चालली म्हणून परत ढोलकीकडे वळलाच नाही. तेव्हा तुझा आकडा दीड वर्षाच्या खर्चाचा. महिन्याला ३५,००० धरले तर सहा लाख तीस हजार. तुझे सहा लाख जवळपास तिथे आलेत म्हणून खूश होऊ नकोस. लग्न त्यातूनच होणार आहे.

क्लासबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, ‘क्लास तर आहेतच’. क्लास आहेत, आणि खरं सांगायचं तर तबलजींची घरं क्लासवरच चालतात, कार्यक्रमावर कीर्ती चालते. पण त्यांचीही चाल समजून घे. मुलं दुसरी-तिसरीत येतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आठवी-नववीत पालक ‘सर, अजून एक परीक्षा होईल का’ म्हणत मागे लागतात, आणि दहावीच्या जूनमध्ये वर्ग निम्मा होतो. दरवर्षी खालून तेवढीच नवी मुलं आली नाहीत तर तीन वर्षांत क्लास आटतो. आणि पन्नास मुलांकडून ‘धा धा तिरकिट’ घोटून घेतल्यावर संध्याकाळी स्वतःच्या तबल्यापुढे बसवत नाही. चव गेलेली असते. मी याला उपाय शोधला नाही, फक्त क्लास संध्याकाळी आणि रियाज पहाटे, मधे दिवस जाऊ द्यायचा, एवढंच केलं.

परदेशातले विद्यार्थी हा अलीकडचा आधार. पैसे चांगले, मुलं प्रामाणिक, आईवडील वेळेवर फी देतात. झूमवर ‘ओरिजिनल साऊंड’ चालू करायला विसरू नकोस, नाहीतर डग्ग्याचा घुमारा म्हणजे पंख्याची घरघर समजून ते सॉफ्टवेअर दाबून टाकतं आणि तू इकडे मुलीला मींड काढत नाही म्हणून रागावत बसतोस. एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागे पडतो. ऐकून, थांबून, परत वाजवून घ्यायचं. पण गंमत अशी की न्यू जर्सीत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ बदललं की साडेसहा. सगळ्यात जास्त फी देणारा तास बरोबर रियाजाच्या बोकांडी बसतो. मला असे आठवड्याचे पाच तास सहज मिळाले असते. मी दोन घेतो. उरलेल्या तिनांचे पैसे मी दर महिन्याला स्वतःच्या खिशातून रियाजाला देतो, असं समजतो.

नोकरीच करायची पण तबल्याची, असा तिसरा रस्ता तुझ्या पत्रात नाही. तो आहे, पण अरुंद. शाळेत संगीत शिक्षक. विद्यापीठात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट, संगीताच्या नेटमध्ये तालवाद्याचा भाग आहे. कायमच्या जागा कमी, तासिका तत्त्वावरच्या जास्त, आणि त्यांचे पैसे कधी येतील ते विचारू नये. आकाशवाणीची ऑडिशन मात्र दे, नोकरी राहो की जावो. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेण्या आहेत; ती श्रेणी कोणाच्या ओळखीवर बोलत नाही, आणि आयोजकांपुढे तुझा भाव ठरवायला तिचा उपयोग होतो. सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, महिना ५,००० प्रमाणे दोन वर्षं. तुझी वेळ गेली, धाकट्या गुरुबंधूंना सांग.

घरचं बोलायला हवं. वडिलांनी तुला विचारलंय की तबल्यावर संसार होतो का. होतो. माझा झाला. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आणि तुला ऐकू आलेला प्रश्न वेगळे असावेत. निवृत्त होताना माणूस आपल्या आजारपणाचा विचार करत असतो. तुझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यात आईवडील आहेत का ते बघ. असतील, तर तुझ्या राजीनाम्याने त्यांचा विमा त्यांच्या निवृत्तीच्याच वर्षी जाणार. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. म्हणजे हे काम राजीनाम्याच्या आधी करायचं, नंतर नाही. वडिलांपुढे कलेवरचं प्रेम घेऊन जाऊ नकोस, विम्याचा कागद घेऊन जा. माझ्या वडिलांनी मी राजीनामा दिल्यावर आठ महिने बोलणं टाकलं होतं, मनगटाच्या दुखण्याने मी तीन आठवडे बसून होतो आणि तरीही घरात किराणा वेळेवर आला, तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, “मालिश करतोस ना?”

जिच्याशी लग्न ठरतंय तिलाही खरं सांग. ‘मला तबला आवडतो’ हे तिला आवडेलच, अवघड भाग पुढे आहे. गणपतीत तू घरी नाहीस. पाडव्याला नाहीस. वीस-एकवीस वर्षांत माझं नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे तीनला, गीझरच्या पाण्याने, एकट्याने झालेलं आहे, कारण साडेपाचला कुठल्यातरी मैदानात ‘दिवाळी पहाट’ असते. बायको उटणं रात्रीच वाटीत काढून ठेवते. लोकांच्या सणाला आपण वाजवायला जायचं आणि आपला सण भाऊबीज उलटल्यावर करायचा. हे तिने आधी ऐकून हो म्हटलेलं बरं.

आता तू काय करावंस. राजीनामा आज देऊ नकोस, याचं पहिलं कारण अगदी गद्य आहे: पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते आणि तुझे आठ महिने राहिलेत. आठ महिन्यांसाठी ते पैसे सोडणाऱ्याला मी कलंदर म्हणणार नाही, आळशी म्हणेन. पेन्शनला दहा वर्षं लागतात, त्यासाठी थांब असं सांगत नाही. मला ५८ पूर्ण झाल्यावर ती सुरू झाली, आकडा सांगितला तर हसशील, पण विजेचं बिल त्यात भागतं आणि ते बिल भरताना मला दर वेळी कॅश काउंटर आठवतो.

या आठ महिन्यांत शनिवार-रविवारचे कार्यक्रम वाढवू नकोस, कमी कर. सगळे उलटं करतात. नोकरी सोडायचीय म्हणून बाजार वाढवतात. तू महिन्याला दोनच घे, ज्यात समोरचा गायक तुझ्यापेक्षा मोठा आहे असे. उरलेल्या वेळात पहाटेचा रियाज बसव. रोज दीड तास, आणि डायरीत दोन रकाने. नोकरीत राहून आठ महिन्यांत दोनशे दिवसही होत नसतील तर नोकरी सोडल्यावर होतील अशी आशा धरू नकोस. हिंजवडीचा ट्रॅफिक हे कारण मला चालणार नाही. पाचला रस्ते मोकळे असतात आणि तुला रस्त्यावर जायचंच नाहीये.

दोनशे झाले तर मग गुरूंकडे जा. ‘नोकरी सोडू का’ असं त्यांना विचारू नकोस. गुरूंवर असला भार टाकू नये, त्यांना हो म्हणताही येत नाही आणि नाहीही. अर्धा तास सोलो ऐकवायची परवानगी माग. नंतर ते काय बोलतात, किंवा चहा कधी मागवतात, त्यावरून तुला कळेल.

आणि सोडलीसच, तर पूर्ण सोडायच्या आधी अर्धी मागून बघ. तुझ्या क्षेत्रात कंत्राटी, तीन दिवसांचं, घरून करायचं काम मिळतं. आमच्या बँकेत असलं काही नव्हतं. मी गुरुजींच्या त्या चहानंतर काय केलं ते सांगतो: एका शाळेत आठवड्याचे दोन दिवस तबला शिकवायचं धरलं. पगार थोडा, पण एक तारखेला. त्या थोड्या पगाराने मला पुन्हा नाही म्हणता येऊ लागलं. पुढच्या वर्षी डायरीत कार्यक्रम ७० आले आणि रियाज २६० दिवस. घरात पैसे साधारण तेवढेच आले, कारण फालतू काम नाकारायला लागल्यापासून बिदागी वाढली. त्या हिशोबात मी गेली अठरा वर्षं आहे.

राहिला काळी चारचा तबला. घे, नोकरी आहे तोवरच घे, आणि एकाऐवजी दोन घे. पण आत्ता पावसात नको. दमट हवेत पुडी सैल असते, दुकानात बरोबर काळी चारला बोलणारा तबला दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत वर चढून बसतो आणि मग तो खाली उतरवता उतरवता वाद्या ढिल्या पडतात. ऑक्टोबरच्या शेवटी जा, दुपारी जा, कारागिराला घाई नसते तेव्हा. सोळाही घरं (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा) वाजवून बघ, आणि तंबोऱ्याच्या ॲपवर विसंबू नकोस, पेटी घेऊन कोणालातरी बरोबर ने.